सांबशिवाचा पाय

सिनेमावाल्यांच्या कृष्णानगरात सांबशिवाला सगळे डायरेक्टर म्हणूनच हाक मारत. पण कामावर निघालेल्या माणसाला तो समोरून येताना दिसला, की तो माणूस काहीतरी विसरल्याचं सोंग करून पुन्हा घरात शिरायचा. त्याचा पहिला सिनेमा आठवड्यात थेटरातून उतरला. तसं कुणाचंही होतं. दुसऱ्या सिनेमाचा नारळ फुटला आणि त्याच संध्याकाळी निर्मात्याला झटका आला. निर्माता तिरडीवर गेला आणि सांबशिव कायमचा लोखंडी पायाचा, अपशकुनी ठरला. पुढं सोळा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. मुहूर्ताच्या पूजेला त्याला जनरेटरच्या गाडीमागं उभं करत.

अखेर चेंगलरायुडू नावाच्या निर्मात्याला त्याची गोष्ट पटली. हिरोलाही पटली.

"सिनेमा तूच करायचा," चेंगलरायुडू म्हणाला. "फक्त मुहूर्ताला तोंड दाखवू नकोस. पहिला शॉट दुसरा कुणी घेईल."

"सर, मी त्या रस्त्यालासुद्धा फिरकत नाही!"

मुहूर्ताच्या दिवशी तो कडी लावून घरात बसला. त्याच्या बायकोच्या, अलिवेलूच्या, पोटात मात्र आनंद मावेना. देवळात नवऱ्याच्या नावानं अर्चना करून, प्रसादाचा चिंचेचा भात, पुलिहोरा घेऊन ती थेट सेटवर गेली. हिरोनं तिच्या हातचे दोन घास खाल्ले, तो मोटरसायकलवर बसला आणि पहिल्याच शॉटला घसरून त्यानं नडगी मोडून घेतली.

"तू आला नाहीस, पण घरचा भात पाठवलास काय रे?" चेंगलरायुडू ऑफिसात कडाडला. "चालता हो!"

सांबशिवानं त्याचे पाय धरले. "सर, लोखंडी पाय माझा नाही, बायकोचा आहे. पहिल्या सिनेमाच्या महिनाभर आधी लग्न झालं. तुम्हीच बघा!"

चेंगलरायुडूनं विचार केला. "मग?"

"शूटिंग संपल्याचा भोपळा फुटेपर्यंत तिला माहेरी धाडतो."

घरी अलिवेलू डबा घासत होती. "हिरोचा पाय कसाय हो?"

"सामान बांध. माहेरी जायचंय तुला, तेनालीची गाडी गाठायचीय."

सगळं ऐकल्यावर ती उठली. "तुम्हाला लोखंडी पायाचा म्हणणाऱ्या बायांशी मी नळावर भांडले. झिंज्या ओढल्या एकीच्या. आणि आज तुम्ही मला म्हणताय?"

"त्यांचं काही चुकत नव्हतं. फक्त माणूस चुकीचा धरला होता."

बसस्टँडवर तिनं खिडकीतून विचारलं, "सिनेमा चालला तर न्यायला याल ना?"

सांबशिवानं तिची पिशवी खिडकीतून आत सरकवली. सिनेमा चालला, तर तिला परत आणण्याइतका तो खुळा नव्हता.

गाडी वळल्यावर त्यानं फोन लावला. "सर, गेली. उद्या ऑफिसात येऊ?"

"ये," चेंगलरायुडू म्हणाला. "पण मागच्या दारानं. आणि मी बोलावल्याशिवाय वर येऊ नकोस."