आबांच्या गाडीच्या गरम मुठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मायला तर नाहीच. एरवी माझ्या फजित्या गावभर करायला मी एकटा पुरेसा आहे. मोटारसायकलच्या हँडलवरचं लाल बटण बंद ठेवून अर्धा तास किका मारल्या आणि शेवटी लोणखेड्याहून मिस्त्री बोलावला, हा किस्सा मी पंगतीत स्वतःच सांगतो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण त्याच हँडलची आणखी एक गोष्ट आहे. ती मी कधी निघूच दिली नाही.

आबा, म्हणजे माझे वडील. ब्राह्मणपुरीहून पहाटे मोटारसायकलने केळीच्या मळ्यात जायचे, भर थंडीत. म्हणून मला त्यांची माया आली, असं म्हणता येईल — पण खोटं कशाला बोलू? मोबाइलवर गरम होणाऱ्या मुठी दिसल्या आणि मला हौस आली. मागवल्या, बॅटरीला वायर जोडली, डाव्या हाताशी बटण बसवलं. एकदा दाबलं की हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल, म्हणजे सगळ्यात गरम. पारावरची मंडळी बघायला जमली. "भो, उन्हायामा थंड्या मुठी बसाडशी का मंग?"

आबांनी मुठी धरल्या. "गरम काहीच लागत नही रे, भाऊ." पिवळ्यावरही तेच. हशा पिकला.

आता सांगा, मला ठाऊक नव्हतं का? साखरेच्या आजाराने आबांचे हात केव्हाच बधिर झाले होते. उकळत्या चहाचा पेला ते सहज मुठीत धरायचे आणि आम्ही कौतुकाने बघायचो. ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला फक्त माझी वायरिंग नापास होताना दिसत होती. स्वतः मूठ धरून बघावी, एवढंही केलं नाही. लाल दिवा लावला आणि म्हणालो, "आते या बटनले हात लावू नका, आबा."

त्याच सकाळी ते त्याच गाडीवर भाचीकडे धानोऱ्याला गेले. तिथे संध्याकाळी शेकोटीजवळ बसले, दुसऱ्या दिवशी परतले — दोन्ही तळव्यांवर फोड घेऊन. आडवे फोड, बरोबर हँडलच्या मुठीच्या मापाचे. हे काय करून आलात म्हणून माय ओरडली, "काय करी उनात हाई?" आबा गोंधळून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. आणि मी — गाडीकडे एकदा बघून — म्हणालो, "शेकोटीना एकदम जवळ हात धरा व्हई."

धरला असेल, असं म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत तो 'असेल' गळून पडला होता. डॉक्टरांनाही मी शेकोटीच सांगितली. मुठी काढून जुन्या बसवल्या. कुणी विचारलं तर म्हणायचो, माझं काम, टिकणार किती? त्यावरही लोकांना हसवलं.

उजव्या हाताची जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. गाडी सुटली, मळा सुटला, आणि शेकोटीही. पाराजवळ त्यांच्या वयाची माणसं सकाळी शेकत बसायची, तिथली आबांची जागा ठरलेली होती. मायने ती बंद केली. मग ते लांब, आमच्या दारापुढे खाटेवर कांबळं पांघरून बसायचे. तिकडून हाक यायची, "या ना आबा, इस्तू बांधी ठेयेल शे!" विस्तव बांधून ठेवलाय म्हणे. सगळे हसायचे. आबाही हसायचे. मी? मीही.

आबा आता नाहीत. शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी एकदाच विचारलं होतं. माय आत होती, दारात आम्ही दोघंच.

"भाऊ, खरंच मी हात इतला जवळ धरा व्हता का रे? माले ते काही याद येत नही."

किती दिवस ते आठवून बघत होते, कोण जाणे. स्वतःलाच तपासत होते. मला एक शब्द पुरला असता.

"हा, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उठले, उरलेल्या बोटांनी खाट धरली आणि स्वतःहून पाराजवळच्या शेकोटीपासून आणखी थोडी मागे ओढून घेतली.