ओल्या पडद्याच्या दोन बाजू

बायको जाऊन सव्वा महिना झाला. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर हसून घ्या. तिनं एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवली आणि माझी अब्रू झाकली. आता झाकणारीच गेली, तर मी तरी कशाला दडवू? मी बायस्कोपच्या तंबूतून पळालो होतो. नव्या नवरीला तिथंच टाकून.

आमच्या कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातली गोष्ट, त्यांच्या शेवटच्या काही वर्षांतली. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. ती पेठ वडगावची, मी इथला तालमीतला गडी. अंगात रग होती, डोक्यात फारसं काही नव्हतं. वस्तादांच्या मागून छाती काढून चालायचं, एवढंच येत होतं.

गावाबाहेरच्या माळावर तंबू पडला होता. मधोमध मोठं पांढरं कापड ताणलेलं. खेळाआधी एक गडी त्याच्यावर बादल्यांनी पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र आरपार दिसायचं. यंत्राच्या बाजूला आम्ही पुरुष, कापडाच्या पलीकडं बायका. बाया-बापे एकत्र बसायचे नाहीत आणि बघायचं तर दोघांनाही, म्हणून ही तोड.

आधी आगबोट झाली, हत्ती झाले, चिखलात घसरून पडणारा साहेब झाला. मग मालक काठी घेऊन पुढं आला.

"आता दावणार ते मी सोता काढलंय. ह्याला गोष्ट न्हाय. असलं अजून कुणी केलं नसंल. काळजाचा कच्चा असंल त्यानं भाईर बसावं."

"पावणं, कोल्हापुरात येऊन काळीज इचारतासा व्हय?" वस्ताद म्हणाले. सगळा तंबू हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

चित्रात एक विहीर होती. काठावर केस मोकळे सोडलेली एक बाई पाठमोरी बसून विंचरत होती. किती तरी वेळ नुसती विंचरतच. माझ्या शेजारच्यानं जांभई दिली. तेवढ्यात बाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं उचललं, विहिरीच्या काठावर ठेवलं आणि पुन्हा विंचरायला लागली. मुक्या चित्राला साथ करणाऱ्या पेटीवाल्याची पेटी थांबली. काठावरच्या डोक्यानं डोळे उघडले आणि आमच्याकडं बघितलं. मग ते बिनमुंडक्याचं धड उठलं, आमच्याकडं वळलं आणि डावा हात वर करून हळूहळू बोलवायला लागलं. ये. ये.

डाव्या हातानं आपण देत नाही, घेत नाही. डाव्या हातानं बोलावते ती हडळ. पुढं काय झालं मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी माळाच्या टोकाला बाभळीखाली होतो आणि पायात एकच वहाण होती.

खेळ सुटल्यावर बायकांचा घोळका आला. मला वाटलं रडत येतील. तर ह्या सणाला निघाल्यासारख्या.

"काय ते शिर उतरवल्याल्या देवीचं रूप, बाई. उजवा हात वर करून आशीर्वाद दिला," एक म्हातारी सांगत होती. "उद्या वटी भरायची. नारळ घ्या समद्यांनी."

आमच्या हिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठं गेलतासा? आणि एक वहाण कुठाय?"

घरी येईपर्यंत आमचं जुंपलं. मी म्हणालो डावा, ती म्हणाली उजवा. मी अंबाबाईची शपथ घेतली, तिनंही घेतली. आणि माझ्या ध्यानात आलं की मी पुरता अडकलोय. हडळ असेल तर बायकोला हडळीच्या तोंडी देऊन पळालो. देवी असेल तर देवीला बघून पळालो. दोन्हीकडून तोंड काळं माझंच.

सकाळी पेठेत तीच तऱ्हा. न्हाव्याकडं पुरुष म्हणत होते तंबू उखडा, नाहीतर गावात पटकी येईल. नदीवर बायका म्हणत होत्या देवी चालून आली आणि ह्या मेल्यांना कळंना. शेजारचे शिंपी चाचा तेवढे म्हणाले, "हडळ न्हाय, देवी न्हाय. कापड हाय आणि उजेड." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

हिनं मात्र ऐकलं. माझं धुतलेलं धोतर ओलंच दोरीवर टाकलं, वाटीत कुंकू कालवलं आणि बोटानं त्यावर बाहुली काढली. डोळे, नाक, वर केलेला एक हात.

"कुठला हात वर हाय?"

"डावा."

"आता पलीकडं या."

मी पलीकडं गेलो. कुंकू कापडातून उतरलं होतं. तीच बाहुली, तेच डोळे आणि हात उजवा. मी दोनदा इकडून तिकडं गेलो. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

"म्हंजे दोघं बी खरं," मी म्हणालो.

"दोघं बी खरं. पर तुम्ही पळालासा."

"पळालो न्हाय. हवा खायला गेलतो."

"एका वहाणंवर?"

त्या दिवशी माळावर तालमीचे गडी काठ्या घेऊन उभे आणि समोर बायका ओटीची ताटं घेऊन. मधे मालक हात जोडून घामाघूम. "बाबांनो, ती बाईच न्हाय. आमचा आचारी हाय. मिशा काढून बसीवलाय," म्हणत त्यानं आचाऱ्यालाच बाहेर ओढला. पुन्हा नुकत्या फुटलेल्या मिशांवर आचाऱ्यानं पीठ लागलेला हात धरला होता.

"मग काय झालं?" ती म्हातारी म्हणाली. "देवी कुणाच्या बी अंगात येती."

"आणि हडळ बी," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी तंबूच्या दोराला हात घातला.

मला त्या आचाऱ्याची दया आली आणि तोंडातून निघून गेलं, "वस्ताद, एकडाव मागनं बघा. मागनं उजवा दिसतोय."

कापड भिजवलं, यंत्र चालू केलं. वस्ताद एकटे पलीकडं जाऊन बसले. बाहेर आले ते हात जोडूनच. काठ्या खाली आल्या. मग ते माझ्याकडं वळले.

"पर तुला कसं ठावं? तू तर माझ्या मांडीला मांडी लावून फुडं बसलतास." त्यांनी काखेतून एक वहाण काढली. "आणि काल दोरात अडकून पडली हुती ती ही कुणाची?"

सारा माळ माझ्या पायांकडं बघायला लागला. तालमीत आता तोंड दाखवता येणार नव्हतं, हे कळून चुकलं होतं.

बायकांतून आवाज आला. तीन महिन्यांची नवरी, वडीलधाऱ्यांसमोर, पदर नाकापर्यंत ओढलेला.

"ती आमच्या ह्यांची हाय, वस्ताद. काल तो हात वर झाला तवा मी भ्याली असंन म्हणून धावत मागं आलते. तिथनंच बघितलं त्यांनी."

कोणीतरी "बायल्या" म्हणून खाकरलं. वस्तादांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, मग ती वहाण स्वतःच्या हातानं माझ्या पायाशी ठेवली. तंबू पंधरा दिवस राहिला. अर्धे पुरुष मागून बघायला हट्ट करायचे आणि धीट बायका पुढून.

घरी येताना मी म्हणालो, "खोटं बोललीस."

"खोटं कसं? धावलासा त्ये खरंच. कुणीकडं, तेवढं मी जरा वळीवलं."

पुढं जन्मभर मी चारचौघांत बढाया मारायला लागलो की ती डावा हात वर करून हळूच पदर सारखा करायची. मी तिथंच गप्प. माझी पोरं अजून विचारतात, बाबा मधेच का थांबायचे.

तिच्या तेराव्याला पंगत बसली. पेठेतला एक जुना गडी सगळ्यांना सांगायला लागला, "बायकोसाठी हडळीच्या तोंडासमोरनं पळत मागं गेला हा. असा नवरा मिळाय नशीब लागतंय." सगळे माना डोलवत होते. सवयीनं माझी नजर चुलीकडं गेली. असलं कोणी बोललं की ती तिथं पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत हसायची. चुलीपाशी सून भाजी वाढून घेत होती. मग मीच हसायला लागलो. हातात घास तसाच. लोक एकमेकांकडं बघायला लागले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले.

मी डावा हात वर केला आणि टोपी सारखी केली.