नसलेल्या पानाची तळटीप

"मेंढरं हुडकता येतात ना तुमच्या लोकांना? मग पुस्तकंही हुडक."

माझे मार्गदर्शक सर हसले. विभागातले सगळेच हसले. बारामतीच्या कॉलेजात मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, की विषयावरचं आधीचं लेखन शोधायचं कसं. शेजारच्या खुर्चीत सरांचा पुतण्या. त्याला सर स्वतःच्या हातानं संदर्भाची कार्डं लिहून देत होते. आमची मेंढरं आजोबांच्या वेळीच गेली. अंगाची लाही लाही झाली.

शिकवणारं कुणी नव्हतं. एका पुस्तकामागची संदर्भसूची धरून दुसऱ्या पुस्तकापर्यंत गेले, तिथून तिसऱ्या. सुप्याहून एसटीनं पुणं गाठायचं, ग्रंथालयात बोटं दुखेपर्यंत उतरवून घ्यायचं. विषय होता आमच्या भागातले दुष्काळ. सरांचा प्रबंधही दुष्काळावरच, सगळे त्याचाच आधार घ्यायचे. त्यात एका जुन्या सरकारी अहवालाचा दाखला होता, पान क्रमांकासकट. मी अहवाल काढून बघितला. ते पानच त्यात नव्हतं. अहवाल कितीतरी आधी संपत होता.

पुढं तोच चुकीचा पान क्रमांक सरांच्या प्रबंधाच्याही आधीच्या एका पुस्तकात सापडला. म्हणजे सरांनी अहवाल उघडलाच नव्हता. दुसऱ्याचा दाखला चुकीसकट उचलला आणि स्वतः वाचल्याचा आव आणला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

माझ्या प्रबंधात तळटीप दिली. सरांचं पूर्ण नाव, त्यांनी दिलेला पान क्रमांक, आणि असं पान अहवालात नाही, हे वाक्य.

सरांनी खोलीचं दार लावून घेतलं. "एवढी तळटीप काढ. लगेच प्रबंधावर सही करतो."

"पान दाखवा, काढते."

सही मिळाली नाही.

घरी आबा, माझे वडील, म्हणाले, "माफी माग पोरी, सही घिऊन ये. किती वर्सं घालवायची आजून?"

"माफी त्येंनी मागायची हाय, आबा."

मार्गदर्शक बदलला. इंदापूरच्या एका बाईंनी हो म्हटलं. पुन्हा नोंदणी, पुन्हा हेलपाटे. पदवी उशिरा मिळाली, पण तळटीपेसकट मिळाली.

सर आता निवृत्त झालेत. लोक म्हणतात, सोड की आता. नाही सोडणार. दुष्काळावर मी जे जे लिहीन, त्यात त्यांचं नाव येईल, त्या चुकीसकट येईल. ते गेल्यावरही येईल.