बोल्टावर बसंल तेवढंच

आख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्यावानी गाडी चालवनारा दुसरा झाला न्हाई. झाला असता तर लोकांनी पायीच हिंडायला सुरवात केली असती.

मी मूळचा जामखेडकडचा. शाळा पाह्यली ती बाहेरूनच, बैलं घेऊन जाता-येता. दुष्काळाचं साल आलं तसं तिकडं एकतर खडी फोडायची न्हाईतर गाव सोडायचं. हातभर खडी फोडली, अंगठा फोडला, आन नगरला मामाकडं आलो. मामाची एक जुनी मोटार हुती, पेट्रोलवरची, भाड्यानं फिरायची. मामाची कंबर धरली हुती म्हनून त्यानं मला चार दिवस माळावर फिरवलं आन ष्टेरिंगवर बसवलं. बसल्यापासून माझ्या जिवाला थारा न्हाई. ही जागा गेली तर परत खडी, एवढंच डोक्यात.

आमचं पक्कं गिऱ्हाईक म्हंजी बैलांचे चार बेपारी. दर बाजारच्या दिवशी त्यास्नी नगरहून घोडेगावला न्यायचं आन सांजच्याला परत आनायचं. पुढं माझ्याशेजारी आबा बसायचे, त्यांच्यातलं वडीलधारं मानूस. मागं बाकीचे तिघं दाटीवाटीनं. जाताना उतार, त्यामुळं गाडी झ्याक जायची. येताना इमामपूरचा घाट. तिथं गाडी नुसती वरडायची. इंजिन बोंबलतंय, मी बोंबलतोय, आन रस्त्याच्या कडंचं म्हसरू आमाला मागं टाकून निवांत वर चाललंय.

मग बेपाऱ्यांनी उतरायचं. धोतराचा काचा मारायचा आन ढकलायचं.

एका बाजाराला आबांनी वर आल्यावर फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं आन म्हनले, "पोरा, भाडं आमी देतो का तू आमाला देतूस?"

"आबा, इंजिनला दम न्हाई राह्यला."

"दम आमाला न्हाई राह्यला. त्या वेशीपाशी एकाची नवी जीप आलीया. पुढच्या बाजाराला परत ढकलाया लागली तर आमी तिच्यात जानार."

घरी आलो, मामाला सांगितलं. मामा खाटंवर पालथा पडला हुता, मामी त्याच्या कंबरंला शेक देत हुती. मामा म्हनला, "हे चौघं गेले तर मी गाडी इकून टाकनार. तुला काय पायजे त्ये बसव तिला. पन कापाकापी न्हाई, येल्डिंग न्हाई. बोल्टावर बसंल तेवढंच. उद्या इकायची झाली तर पाना लावला का निघालं पायजे."

मी रातभर कूस बदलली. सकाळी चहा आर्धाच टाकून भंगार बाजारात गेल्तो.

नगरात मिलट्रीचा माल लिलावात निघायचा, त्यामुळं भंगार बाजारात काय मिळत न्हाई असं नव्हतं. एक चाचा हुते, त्यांच्या दुकानात सायलेन्सरं कनसासारखी टांगलेली. मी गेलो आन आबांनी बैल बघावा तसा माल बघाया लागलो. ह्या नळीवर थाप मार, त्या डब्याच्या तोंडात हात घाल.

चाचा म्हनले, "दात मोजतो काय त्याचे?"

मी म्हनलं, "गाडी घाट चढत न्हाई. काय लावू?"

"आधी गाडी आन इथं. आवाज ऐकतो, मग सांगतो."

आता गाडी कशी आननार? भंगार बाजारात मामाची गाडी उभी दिसली असती तर दुपारपातूर आख्ख्या नगरात झालं असतं, मोडीत निघाली म्हनून. बेपारी त्याच पावली जीपमधी. मी म्हनलं, "गाडी न्हाई आनता यायची. तुमी मला माल दावा."

"पेशंट घरी आन तू दवा न्यायला आला," असं म्हनून चाचांनी तीन जिन्नस पुढ्यात ठिवले. एक, पलगांचा नवा जोड. ठिनगी चांगली पडती म्हनले, पयलं ह्येच बदल. दुसरं, कारबोरेटरवर बसवायचं हवंचं मोठं तोंड, लग्नातल्या भोंग्यावानी. इंजिनला हवा जास्ती मिळती. तिसरी, सायलेन्सरच्या जागंवर लावायची सरळ नळी. आत पडदा न्हाई, जाळी न्हाई, धूर तडक भाईर.

"ह्याच्यानं इंजिन मोकळं व्हतं," चाचा म्हनले. "पन इंजिनचीच खोट आसली तर. दुसरीकडं काय आसंल तर समदं फुकट."

मी पलग हातात घेतले. एवढे एवढेसे, वांग्याच्या देठायेवढे. म्हनलं, हे काय घाट चढवनार? भोंगा उचलला, चांगला जड. नळी उचलली, खांद्यावर घ्यावी लागली. झालं, ठरलं माझं. आमच्याकडं बैल घेताना बी मी असाच. ज्याची शिंगं मोठी त्यो चांगला. त्या पायी बापानं मला बाजारात न्यायचं बंद केल्तं.

वर आनि शानपना म्हनून भाव करताना मी टावेल फुडं केला. बैलांचे बेपारी उपरन्याखाली एकमेकाची बोटं धरून भाव ठरवत्यात, तोंडानं बोलत न्हाईत. मी चाचांची दोन बोटं धरली. चाचांनी हात तसाच राहू दिला आन म्हनले, "नाडी बघून झाली का? किंमत बोल आता."

नळी खांद्यावर, भोंगा काखंत, घरी आलो. जेवलो न्हाई. लिंबाखाली गाडीच्या बुडी शिरलो. बोल्ट बसना, भोक जुळना. सायकलीच्या जुन्या टूबचं वायसर कापून घातलं, आवळलं. मामी दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तवा मी गाडी चालू केली आन तिच्या हातातलं ताट खाली.

"बया!" मामी म्हनली. "आंगनात इमान पाडलं का काय!"

तसाच सावेडीच्या माळाकडं घेऊन गेलो. तवा तिकडं वस्ती न्हवती, सपाट मोकळं रान. गाडी काय पळाली म्हनून सांगू! टिटव्या उठल्या, कुत्री मागं लागली आन मागंच राह्यली. येताना मी एका हातानं चालवत आलो. पन घरी आलो तसं ध्यानात आलं. सावेडीला घाट कुठं हाय?

बाजारचा दिवस उजाडला. बेपारी बसले. मी चालू केली तसं मागच्या तिघांनी कानात बोटं घातली. आबा कायतरी बोलत हुते, मला नुसतं तोंड हललेलं दिसत हुतं. उताराला गाडी सुसाट. मी मनात म्हनलं, जीपवाल्या, ये आता.

घोडेगावच्या बाजारात शिरलो आन पयल्याच रांगंतल्या दोन बैलांनी खुंटा उपटला. त्यांचं बघून तिसऱ्यानं दावं तोडलं. एक खोंड भज्याच्या पालात घुसलं, मानसं काठ्या घेऊन पळाया लागली. कुनीतरी वरडलं, "आरं, त्या गाडीचं तोंड दाबा!"

तोंड मागल्या बाजूला, पन सांगनार कुनाला.

आबांनी चावी फिरवून गाडी बंद केली. "उतर," म्हनले. "उतर आन ढकल." मग भर बाजारातनं मी एकटा माझी नवीकोरी ताकदीची गाडी ढकलत बाभळीखाली नेली. बेपारी मागनं चालत आले. एकानं पन हात लावला न्हाई.

दिवसभर मी गाडीपासून हाललो न्हाई, आन एका जागी बसलो बी न्हाई. भोंग्याचा बोल्ट आवळला, सैल केला, परत आवळला. सांजच्याला चौघं येऊन बसले.  बाजारापासून लांब आलो आन मग घाट लागला.

सुरवातीलाच गाडी वरडाया लागली. आधी वरडत हुती, आता डरकाळ्या फोडत हुती. पन चाकं तशीच, रांगनाऱ्या पोरावानी. जळकट वास सुटला. मागनं नवी जीप आली, बाजूनं गेली, ड्रायवरनं हात भाईर काढून आमाला रामराम केला. मागच्यातला एकजन काचा मारायला लागला.

आबा तवर माझ्या पायाकडं बघत हुते. बेपारी मानूस, जनावर लंगडतंय का त्ये पायाकडं बघूनच सांगनार.

"तुझा डावा पाय काय करतोय रं?" माझ्या कानाशी येऊन वरडले.

"काय न्हाई! ठिवलाय!"

"कशावर?"

बघितलं तर कलचवर. नुसता ठिवला नव्हता, टोचत हुतो. त्याचं असं, मी बैलगाडी हाकत वाढलो. गाडीवान धुरंवर बसतो आन बैल रेंगाळला का पायाच्या अंगठ्यानं त्याच्या शेपटीच्या बुडाला टोचतो. माझा डावा अंगठा लहानपनापासून कशाला ना कशाला टोचतच आला. मोटारीत बैल न्हवता, मग त्यानं कलच धरला. चढ आला का मी जास्ती टोचायचो. जास्ती टोचलं का कलच सुटायचा, इंजिन मोकळंच बोंबलायचं, आन गाडीला काय त्यातलं पोचायचं न्हाई.

"काढ पाय," आबा म्हनले.

"आबा, गाडी थांबंल!"

"काढ म्हनतो ना!"

काढला. गाडीनं एक हिसका दिला, मागचे तिघं एकमेकावर पडले, आन गाडी चढाया लागली. हळूहळू, पन चढली. कुनी उतरलं न्हाई. माझा डावा पाय अधांतरी लोंबत हुता, कुठं ठिवावा कळंना. शेवटी मांडी घातल्यावानी सीटवर घेतला.

वर माथ्यावर आलो तसा माझा जीव भांड्यात पडला. नगरपातूर मी छाती फुगवून आलो. म्हनलं, चढली ना? न उतरता चढली. आता जीप गेली खड्ड्यात, खडी फोडायचं टळलं.

दारात मामा कंबरंवर हात ठिवून उभाच हुता. आवाज वेशीपासनंच आल्ता त्याला. बेपारी उतरले, धोतरं झटकली. मी पुढं हून म्हनलं, "मामा, चढली! इचार आबांस्नी."

मामानं आबांकडं बघितलं. "काय आबा? पुढच्या बाजाराला येनार ना आमच्यात?"

"येनार तर," आबा म्हनले. "गाडीत काय खोट न्हाई. ती नळी तेवढी काढा, आन पुढच्या बाजाराला हीच गाडी आना."

मी हसलो. एवढा हसलो का मामा बी हसला.

आबांनी पायात वहाना सारल्या, चार पावलं गेले आन वळून म्हनले, "ड्रायवर बदला."