मासिकातली मुलगी आणि माझी बहीण

लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, तरी लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनी याबद्दल क्षमा करावी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं काढली म्हणून कुणी लेखक होत नाही, हे मला समजतं. पण ही गोष्ट मला अजून कुणाला तोंडाने सांगता आलेली नाही.

अमरावतीच्या वसतिगृहात मुलं वाचून झालेली मासिकं रद्दीत टाकत. त्यातली चित्रं असलेली मासिकं निवडून मी एका दिवाळीच्या सुटीत आसेगावाजवळच्या आमच्या गावी नेली. धाकट्या बहिणीला गोष्टी आवडत. तिला अक्षरं जुळवायला वेळ लागे, म्हणून मी वाचायचो आणि ती चित्रं पाहायची. प्रेमाच्या गोष्टी बहुतेक एकाच घाटाच्या असत. एक मुलगी, तिच्याकडे कुणी पाहत नाही. डोळ्यांवर चष्मा, तेलाने चोपडलेली वेणी. मग एखादी मैत्रीण तिचे केस मोकळे करते, चष्मा काढते, नवं पातळ नेसवते. पान उलटलं की तीच मुलगी गोरीपान, आणि दारात डॉक्टर थबकून उभा.

"भाऊ, हे तेच पोरगी होय?" बहिणीने विचारलं.

"तेच."

"मंग चष्म्याबिगर तिले दिसत कसं असंन?" आणि थोड्या वेळाने, "त्या डाक्तरले आधी काई दिसलं नाई, मंग चष्मा त पह्यले त्याले पाह्यजे होता."

आम्ही दोघंही हसलो. तिने ती गोष्ट तिथेच सोडून दिली. मी सोडली नाही.

बहीण सावळी होती, आणि लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे गालांवर वण होते. दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी तिला पाहून नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. बहिणीसमोर लग्नाचा विषय निघाला की माय उठून गोठ्यात जाई. मी घरातला शिकलेला. काहीतरी करणं आपलं काम आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

नाताळच्या सुटीत कामरगावाकडून निरोप आला. मुलाची आत्या आणि दोन पुरुष येणार होते. मुलगा स्वतः येणार नव्हता. मोठ्यांनी आधी पाहायचं, ही आमच्याकडची रीत. मी येताना अमरावतीहून पाचवारी पातळ, तोंडाला लावायचा स्नो आणि पावडरचा डबा आणलाच होता. आमच्याकडच्या बायका नऊवारी लुगडं नेसतात. पातळ कसं नेसायचं हे मायला ठाऊक नव्हतं. मी मासिक उघडून चित्र समोर धरलं आणि तसं नेसवायला सांगितलं.

"मले हे नाई पाह्यजे भाऊ," बहीण म्हणाली. "मी मी नाई वाटून राह्यली."

"एका दिवसाचं तर काम आहे," मी म्हणालो. घरातही मी तेव्हा पुस्तकी बोलायला लागलो होतो.

चित्रातल्या मुलीचे हातही गोरे होते. म्हणून चेहऱ्यावरच नाही, मानेला आणि कोपरापर्यंत हातांनाही पावडर लावायला मीच सांगितलं.

रिवाजाप्रमाणे बहीण पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्यायला बाहेर आली. वाकून पाणी ओतताना हातावर ओघळ आले आणि पावडर पट्ट्यापट्ट्यांनी निघाली. आत्याने तिचं मनगट धरलं. मग लुगड्याचा पदर लोट्यात बुडवून तिचा गाल पुसला, मान पुसली.

"काय झाकून राह्यले वो बाई तुमी?"

"काई नाई वो," माय म्हणाली. "पोरानं आनलं अमरावतीहून. शिकते ना तो."

"बाही वर कर माय," आत्या बहिणीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने कोपरं पाहिली, बोटांच्या फटी पाहिल्या. पसंती असली तर मुलीच्या ओटीत नारळ घालतात. त्यांनी आणलेला नारळ पिशवीतून निघाला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माय परत आली ती थेट गोठ्यात गेली. आमच्या मुलीला कोड आहे, पावडरखाली आम्ही पांढरे डाग लपवतो, असं बाजारात बोललं जात होतं. बहिणीच्या अंगावर एकही डाग नव्हता. पण ते कुणाला आणि कसं दाखवणार? त्यानंतर वर्षभर एकही पाहुणा आला नाही. ते वर्ष उलटल्यावर उन्हाळ्यात मेडशीच्या पुढच्या एका गावातल्या, दोन मुलं असलेल्या बिजवराला तिला दिली. लग्नात तिने तोंडाला हळदीशिवाय काही लावू दिलं नाही. निघताना मला म्हणाली, "पातळ मायजवळ ठेवलं. तुह्या बायकोले होईन."

गेल्या महिन्यात वसतिगृहात कामरगावाकडचा एक नवा मुलगा आला. जेवताना बोलता बोलता त्या घराचा विषय निघाला. ते त्याच्या नात्यातले निघाले. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

"त्यायच्या पोराचं लगन झालं यंदा," तो म्हणाला. "पन आधी एक पोरगी त्यानं सोताच पसंत केली व्हती. आसेगावाकडं कापूस येचतानी पाह्यली. तोंडावर वण हायेत, हे त्यानंच घरी सांगतलं, अन् तरी हेच करतो म्हने. आत्या नुसती नारळ द्याले गेली व्हती. वापस येऊन म्हने, वणाचं त आपल्याले ठाऊकच व्हतं. पन वण झाकाले कोनी हाताले पावडर लावते का?"