पळसाचा माणूस

शेवंतीबाईंचा नवरा सहदेव सुतारकामाला अंदमानकडच्या बेटांवर गेला होता. २००४ सालच्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे जमीन हादरली. लोक घाबरून घराबाहेर मोकळ्यावर आले आणि मागोमाग समुद्रच अंगावर आला. सहदेव सापडला नाही. ना जिता, ना मेलेला.

जोगेश्वरीच्या चाळीत लोक समाचाराला आले, तर बाई दारातच उभी. "बॉडी गावली? नाय ना? मगे रडतास कित्याक?" कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग विधी करतात, म्हणून बारा वर्षांनी मुलगा निलेश मालाडहून आला. त्यालाही हाकलला. उद्या माणूस परत आला आणि घरात आपलंच तेरावं झालेलं कळलं, तर काय वाटेल त्याला?

खमकी खरी, पण एकटी पडली हो बिचारी! हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही, हेच कुणाला ठरवता येईना. मग सोपं काय, तर विसरायचं. सणासुदीला बाई आपली दार लोटून बसायची.

यंदा नात श्रुतिकाचं लग्न निघालं. सवाशिणी हळद लावायला उठल्या, तशी हीही उठली. जाऊ कमलने हात धरला. "तू राहू दे गं. उगाच शंका नको." झालं! इतकी वर्षं जे कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने केलं. लग्न पार पडल्यावर बाई निलेशला म्हणाली, "कर रे बाबा एकदाचो विधी. ना सवाशीण, ना रांड. मी आसंय तरी कोण?"

बायकांनी स्मशानात यायचं नसतं म्हणे. ही ऐकते होय! देह नव्हता, म्हणून जाळायला पळसाच्या पानांचा माणूस रचला होता, डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी मयताचं नाव विचारलं. निलेश तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. भटजी बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही नाव घ्या."

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'नाव घ्या' म्हटलं की तिला एकच गोष्ट ठाऊक. पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखी बोलून गेली,

"समईच्या उजेडात उजळलं देवघर,
सहदेवरावांचं नाव घेते, थांबा घडीभर."

कुणी हसलं नाही. भटजी खरंच थांबले. निलेश ढसाढसा रडायला लागला. बाईने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, पळसाच्या छातीवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"पेटव रे आता," ती म्हणाली.