स्टोव्हचे पाय

नातीला कंपनीने बोलावलंय, नव्या शेगडीत काय चुकतं ते सांगायला. ते ऐकलं आणि नाकात रॉकेलचा वास भरला.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. लालबागच्या आमच्या चाळीत कंपनीचा माणूस नवा स्टोव्ह दाखवायला आला. दादाने भिंतीवर एका थोर शास्त्रज्ञाचं चित्र लावलं होतं. ‘त्याच्यासारखे प्रश्न विचारा,’ असं तो सगळ्यांना सांगायचा. म्हणून मी विचारलं, “पाय इतके जवळ का? पातेलं कलंडेल.”

“किती शिकलीस गं?” तो माणूस म्हणाला.

“चौथी.”

सगळ्यांत मोठ्याने दादाच हसला. “शास्त्रज्ञीणबाई, आधी चहा टाका.”

टाकला. त्याच स्टोव्हवर, सांडशीने पातेलं धरून. सोडलं असतं तर कलंडलं असतं. अजून वाटतं, सोडायला हवं होतं.